हिरड्यांची सूज आणि काढ्याच्या गुळण्या

बकुळीला आमच्याकडे, म्हणजे वेंगुर्ले-सावंतवाडीच्या पट्ट्यात, ओवळ म्हणतात. फुलांचे वळेसर केसांत माळायचे आणि सालीचा काढा तोंडात धरायचा, अशी या झाडाची घरोघर दुहेरी ओळख आहे. आमच्या आईचा काढा मागील दारच्या चुलीवर होत असे. त्यात ओवळीच्या सालीचे चार तुकडे, फोडलेले दोन हिरडे आणि चिमूटभर जाडे मीठ पडे. टोप लोखंडी असल्यामुळे पाणी उकळता उकळता शाईसारखे काळेभोर होई, आणि काढा जितका काळा तितका गुणकारी, असा तिचा ठाम समज होता. पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर माझ्या लक्षात आले की तो काळेपणा औषधाच्या ताकदीचा नव्हताच. साल आणि हिरडा यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य टोपातल्या लोहाशी संयोग पावले की असा काळा रंग तयार होतो. हिरड्यापासून पूर्वी शाई करीत ती याच क्रियेने. म्हणजे काढा जितका काळा, तितके टॅनिन लोहात अडकून वाया गेलेले. आईला हे समजावून सांगितले तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी स्टीलचा टोप काढला, पण काढा फिकट दिसतो म्हणून पुढे आठवडाभर ती माझ्याकडे संशयाने पाहत होती.

या लेखाचा विषय तोच काढा आहे. ब्रश करताना रक्त येते, हिरड्या लाल आणि फुगीर दिसतात, सकाळी तोंडाला वास येतो. अशा वेळी वनौषधींच्या गुळण्यांनी हिरड्या बऱ्या होतात का, हा प्रश्न कोकणात घरोघर विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा टोकाचे मिळते. एक बाजू म्हणते की आजीच्या औषधापुढे बाटलीतली औषधे फिकी आहेत, तर दुसरी म्हणते की हे सगळे थोतांड आहे. प्रत्यक्षात या गुळण्यांना ठरावीक काम जमते आणि ठरावीक काम मुळीच जमत नाही, आणि ही सीमा कोठे आहे हे समजण्यासाठी आधी सूज कशाने येते ते पाहावे लागते.

दात घासून झाल्यावर काही वेळातच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातांवर बसतो. त्या पापुद्र्यावर जीवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. विहिरीच्या पायरीवर पावसाळ्यात जो बुळबुळीत थर धरतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल. पायरीवर कितीही पाणी ओतले तरी तो थर हलत नाही, पण किशीने दोन वेळा घासला की निघतो. दातांवरच्या या थराला प्लाक म्हणतात. तो हिरडीच्या कडेला साचून राहिला की जीवाणूंनी सोडलेल्या द्रव्यांना शरीर प्रतिकार करते, तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल व फुगीर होते आणि ब्रश लागताच रक्त येते. ही पहिली पायरी, आणि तिची मोठी जमेची बाजू अशी की ती पूर्णपणे उलटवता येते.

हे कारण आणि परिणामाचे नाते १९६५ साली डेन्मार्कमधील आरहुस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगाने दाखवून दिले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण बंद करायला सांगण्यात आले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणे पुन्हा सुरू केले, आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या सुधारणेत औषधाचा वाटा नव्हता. थर जाताच सूज गेली. गुळण्यांविषयीचा कोणताही दावा ऐकला की हा प्रयोग आठवावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण नुसत्या घासण्याने आठवड्यात जे साधते त्याचे श्रेय त्याच आठवड्यात घेतलेल्या काढ्याला सहज मिळून जाते.

माझ्या स्वतःच्या हिरड्यांतून दोन वर्षांपूर्वी रक्त येऊ लागले तेव्हा मीही आधी आईचाच काढा धरला. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ गुळण्या केल्या. रक्त किंचित कमी झाले, हिरड्या घट्ट वाटू लागल्या, आणि मी निर्धास्त झालो. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या गावी दंतवैद्य बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्या दातांना कापसाच्या बोळ्याने एक लाल द्रव लावला, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. दातांचे मधले भाग स्वच्छ पांढरे होते. पण हिरडीच्या कडेने आणि दोन दातांच्या फटींत गुलाबी रेघा उमटल्या होत्या, जणू प्रत्येक दाताला महिरप काढली होती. तो द्रव प्लाकला रंग देतो. बाईंनी टेबलावरच्या बाटलीतून वनौषधींचे माउथवॉश दिले आणि मिनिटभर खुळखुळवायला सांगितले. रेघा जशाच्या तशा राहिल्या. मग त्यांनी मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून खालच्या दातांवर हलके फिरवला, आणि जेथे जेथे ब्रश गेला तेथली गुलाबी रेघ निघून गेली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात माझ्याकडून इतका चांगला प्रयोग झालेला नाही, हे मान्य करायला हवे.

तेव्हा पहिली सीमा ही : गुळणीने जमलेला थर निघत नाही. चिकट आवरणामुळे आतल्या जीवाणूंपर्यंत औषध फारसे पोहोचत नाही, आणि मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंना जी मात्रा मारते ती थरातल्या जीवाणूंना पुरत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत अमुक वनस्पतीच्या अर्काने जीवाणू मेले, अशी बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. बशीतल्या जीवाणूंवर अर्क अनेक तास असतो, तोंडात तो अर्धे मिनिट असतो आणि मग लाळ त्याला धुऊन नेते.

दुसरी सीमा याहून कठीण आहे. प्लाक तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात साचून तो दगडासारखा कडक होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखालच्या लाळग्रंथींचे तोंड जेथे उघडते तेथे, तो सर्वांत लवकर धरतो. जिभेचे टोक फिरवून पाहिले तर खरखरीत लागतो. याला आपण किटण म्हणतो. समुद्रातल्या खडकाला कालवे धरतात तसे ते दाताला धरते, आणि ते हत्यारानेच काढावे लागते. कोणत्याही काढ्याने, तेलाने किंवा बाटलीबंद द्रवाने किटण विरघळत नाही. किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सहज बसतो, हिरडी दातापासून सुटते, फट खोल होत जाते आणि शेवटी दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. निरोगी हिरडीची फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ती ५-६ मिलिमीटर झाली की गुळणीचे पाणी तळापर्यंत जातच नाही. हाड झिजल्यानंतरची अवस्था पहिल्या पायरीसारखी आपोआप उलटत नाही, तिला फक्त आवर घालता येतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याच्या भीतीनेच पुष्कळ माणसे काढ्यावर वेळ काढतात. 'दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात' असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. जो दात किटण काढल्यावर हलतो त्याचे हाड आधीच झिजलेले असते, आणि किटणाने त्याला शेजारच्या दातांशी सांधून ठेवलेले असते. किटण काढले की तो हलतो आहे हे आपल्याला कळते, एवढेच. साफ केल्यानंतर दातांत फटी दिसतात त्याही सूज उतरल्यामुळे आणि किटण गेल्यामुळे दिसतात.

आता काढ्यात नेमके काय असते ते पाहू, कारण येथे वनस्पतींची बाजू खरोखर भक्कम आहे. ओवळीची साल, हिरडा, बेहडा, बाभळीची साल, पेरूची पाने आणि खैरापासून काढलेला कात, या सगळ्यांचा समान गुण म्हणजे तुरटपणा. काजूचे बोंडू नुसते चावून खाल्ले की जीभ जाड होते, टाळू आखडल्यासारखा वाटतो आणि तोंडाला कोरड पडते. ते ज्या द्रव्यांमुळे होते ती टॅनिन याच गटातली. टॅनिन प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते. चामडे कमावताना हिरडा वापरतात तो याच कारणासाठी. हिरडीवर टॅनिन लागले की वरचा थर आकसतो, पाझरणारे रक्त थोडे थांबते, जीवाणूंची काही प्रथिनेही निकामी होतात. म्हणून काढ्याने बरे वाटते ते खोटे नाही. मात्र हिरडी घट्ट वाटणे आणि हिरडीची सूज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीन आठवडे मी नेमका याच ठिकाणी फसलो होतो.

दुसरा गट सुगंधी तेलांचा आहे. त्यात लवंगेतले युजेनॉल, तुळस, निलगिरी आणि ओव्यातले थायमॉल येते. थायमॉलची गोष्ट मला विशेष वाटते. १८७९ साली अमेरिकेत तयार झालेल्या लिस्टरिन या माउथवॉशमध्ये थायमॉल, निलगिरीतले युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथिल सॅलिसिलेट ही चार द्रव्ये आहेत, आणि ही चारही मुळात वनस्पतींतून माहीत झालेली आहेत. सुगंधी तेलांच्या या ठरावीक मिश्रणावर सहा-सहा महिन्यांचे प्रयोग झालेले आहेत आणि त्यांत प्लाक व सूज दोन्ही कमी झालेली दिसली आहेत. तेव्हा 'झाडपाल्याने काही होत नाही' हे म्हणणे टिकत नाही. परंतु बाटलीत प्रत्येक वेळी थायमॉल तेवढेच असते, आणि ते पाण्यात फार कमी विरघळत असल्यामुळे मूळ मिश्रणात त्याच्यासाठी अल्कोहोल वापरलेले असते. आपण ओवा उघड्या टोपात दहा मिनिटे खळखळा उकळतो तेव्हा स्वयंपाकघरभर जो वास सुटतो, तो म्हणजे वाफेबरोबर निघून चाललेले औषध. ओवा, लवंग, तुळस वापरायचीच असेल तर आच बंद करून मग घालावी आणि वर झाकण ठेवावे. साल आणि हिरडा यांचे उलट आहे. त्यांतले टॅनिन उतरायला उकळी लागतेच. सगळे जिन्नस एकदम टाकून आटवलेला काढा रसायनशास्त्राच्या दृष्टीने कोणाच्याच सोयीचा नसतो.

हळदीबद्दल थोडेच सांगतो. तिच्यातल्या कुर्क्युमिनमध्ये सूज कमी करण्याचा गुण आहे, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीचे पाणी म्हणून आपण जे तोंडात धरतो त्यात बहुतेक हळद तळाशी राहते.

वनौषधींच्या बाटल्यांवर आणि जाहिरातींत 'क्लोरहेक्झिडिनइतकेच प्रभावी' असे वाक्य वारंवार दिसते. क्लोरहेक्झिडिन हे दंतवैद्य सर्वाधिक सांगतात ते माउथवॉश. त्याचे वैशिष्ट्य असे की ते दात आणि तोंडातील त्वचेला चिकटून राहते आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहते. ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा गुळण्या केल्या तर दात न घासताही नवा प्लाक जवळजवळ धरत नाही, हे १९७० साली लो यांनीच दाखवले. अर्थात सुरुवात पूर्ण स्वच्छ केलेल्या दातांपासून केली होती. स्वच्छ दातावर नवा थर बसू न देणे हे गुळणीचे खरे काम, आणि जुना थर काढणे हे तिचे काम नाही, ही विभागणी या प्रयोगातून उघड दिसते. क्लोरहेक्झिडिनचे तोटेही ठाऊक असावेत : काही आठवड्यांच्या वापराने दातांवर व जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते आणि किटण थोडे अधिक धरते. म्हणून ते साधारण दोन ते चार आठवड्यांपुरतेच सांगितले जाते. वनौषधींच्या गुळण्यांची बाजू मांडणारे याच तोट्यांवर बोट ठेवतात, आणि तो मुद्दा रास्त आहे.

आता 'इतकेच प्रभावी' या शब्दांकडे येऊ. त्रिफळा, हळद, तुळस, कडुनिंब यांच्या गुळण्यांवर भारतातील दंत महाविद्यालयांतून बरेच प्रयोग झाले आहेत. बहुतेकांत भाग घेणारे काही डझनच असतात, काळ काही आठवड्यांचा असतो आणि निष्कर्ष बहुधा असा येतो की क्लोरहेक्झिडिन व वनौषधी यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. वाचणाऱ्याला वाटते, दोन्ही सारखीच निघाली. येथे गफलत होते. बाजारात मासळी तोलायच्या काट्यावर दोन अंगठ्या एकामागून एक ठेवल्या आणि काटा दोन्ही वेळा हलला नाही, तर अंगठ्या सारख्या वजनाच्या आहेत हे सिद्ध होत नाही. काटा तेवढा बारीक नाही, एवढेच सिद्ध होते. लहान प्रयोग हा असा ढोबळ काटा असतो. समानता सिद्ध करण्यासाठी बरीच अधिक माणसे लागतात आणि प्रयोगाची आखणीही वेगळी लागते.

शिवाय अशा प्रयोगांत भाग घेणारा माणूस, आपले दात कोणी तपासणार आहे या जाणिवेने, एरवीपेक्षा नीट घासतो. पुष्कळदा सुरुवातीला सर्वांचेच किटण काढलेले असते. त्यामुळे दोन्ही गटांच्या हिरड्या सुधारतात आणि सुधारणेचा मोठा भाग गुळणीच्या नावावर जमा होतो. कोणाला काय दिले हे गुप्त ठेवणेही अवघड असते, कारण हिरड्याचा काढा जिभेला लागताच ओळखू येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र फार कमी ठिकाणी सांगितली जाते. ज्याच्याशी बरोबरी सांगितली जाते, त्या क्लोरहेक्झिडिनचा तरी सुजेवर किती परिणाम होतो? २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने ५१ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. दात घासण्याला जोड म्हणून चार ते सहा आठवडे क्लोरहेक्झिडिन वापरल्याने प्लाक मोठ्या प्रमाणात कमी झाला, पण सौम्य सूज असलेल्यांत सुजेचा निर्देशांक ० ते ३ या पट्टीवर फक्त ०.२१ ने उतरला. हा फरक मोजणीत येतो, पण आरशात क्वचितच दिसेल. म्हणजे जो नियमित घासतो आहे आणि ज्याची सूज सौम्य आहे, त्याला उत्तमातल्या उत्तम गुळणीनेही फार मोठा लाभ होत नाही. वनौषधी खरोखरच क्लोरहेक्झिडिनच्या बरोबरीची ठरली, तरी ती बरोबरी एका माफक परिणामाशी असेल. माझ्या मते 'कोणते माउथवॉश चांगले' या चर्चेत आपण अकारण फार वेळ घालवतो.

आमच्याकडे काही जणांना हे ऐकून वाटते की आधुनिक वैद्यक आयुर्वेदाला कमी लेखते आहे. त्यांच्यासाठी सुश्रुतसंहितेतलाच दाखला देतो. सुश्रुताने तोंडात द्रव धरण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. तोंड पूर्ण भरून द्रव न हलवता धरणे हा गंडूष, आणि सहज खुळखुळवता येईल इतकाच द्रव घेणे हा कवल. हिरड्यांतून रक्त येणे, त्या मऊ पडणे व दुर्गंधी येणे या विकाराला त्याने शीताद म्हटले आहे, आणि त्यावर सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याचा गंडूष सांगितला आहे. पण तो केव्हा करायचा? आधी हिरडीतले दूषित रक्त काढून टाकल्यावर. किटणाला तो दंतशर्करा म्हणतो, आणि तेथे तर त्याची सूचना अगदी स्पष्ट आहे : दातांच्या मुळांना इजा न करता शर्करा उपटून काढावी आणि मग लाखेचे चूर्ण मधातून चोळावे. आधी हत्यार आणि नंतर वनस्पती, हा क्रम सुश्रुताचा आहे. फक्त काढा पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकला, कारण तो चुलीवर होतो. हत्यार वैद्याबरोबर गेले.

किनारपट्टीवरच्या काही खास सवयींचाही येथेच विचार करायला हवा. कोकमाचे आगळ पाण्यात घालून गुळण्या करणारे मी पाहिले आहेत, कारण कोकम 'थंड' आहे. सोलकढीत ते कितीही गोड लागो, आगळ चांगलेच आम्ल असते, आणि तोंडातील आम्लता वाढून पीएच हे तिचे माप (आम्ल जितके तीव्र तितके ते कमी) ५.५ च्या खाली उतरले की दातांवरचे एनॅमल विरघळू लागते. रोज दोनदा आम्लाने गुळणी करणे म्हणजे हिरडीसाठी दात गमावणे. लिंबाच्या रसाबद्दलही हेच. खोबरेल तेल तोंडात धरण्याची पद्धत आता नव्याने लोकप्रिय झाली आहे. केरळातून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ६० किशोरवयीनांत ३० दिवसांनी प्लाक व सूज कमी दिसली, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तेल गिळू नये आणि बोलता बोलता श्वासनलिकेत जाऊ देऊ नये, कारण फुप्फुसात गेलेले तेल न्यूमोनिया करते. लवंगेचे तेल थेट हिरडीवर लावल्यास त्वचा भाजते. राखुंडीने आणि नुसत्या मिठाने घासल्यास दात पांढरे दिसतात, पण एनॅमल खरवडले जाते व हिरडी मागे सरकते. आंब्याचे पान दुमडून दात घासायचे आणि त्याच्याच शिरेने जीभ खरवडायची, ही जुन्या माणसांची पद्धत मला त्या मानाने शहाणपणाची वाटते. तिच्यात निदान घासणे तरी आहे.

काढा वापरायचाच असेल तर तो असा वापरावा. आधी मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेकडे तिरका धरून, दोन मिनिटे दात घासावेत. फटी धाग्याने किंवा बारीक ब्रशने साफ कराव्यात. आणि मग गाळलेला, कोमट काढा अर्धे ते एक मिनिट खुळखुळवून थुंकावा. त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. काढ्यात गूळ किंवा मध घालू नये. तो रोज ताजा करावा, कारण आमच्या पावसाळी दमट हवेत झाकून ठेवलेल्या काढ्यावर दुसऱ्या दिवशी तवंग धरतो, आणि तो तोंडात घेण्यापेक्षा साधे मीठ-पाणी बरे. साध्या सुजेला कोमट पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ हा उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. मात्र रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असलेल्यांनी ते पोटात जाऊ देऊ नये. सहा वर्षांखालील मुलांना कोणतीच गुळणी देऊ नये, ती गिळतात. क्लोरहेक्झिडिन सांगितले असेल तर टूथपेस्टनंतर किमान अर्धा तास थांबावे, कारण पेस्टमधील फेस आणणारे द्रव्य त्याला निष्प्रभ करते.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, हिरडीतून पू आला, दात हलू लागला किंवा गालावर सूज येऊन ताप आला, तर काढ्याची वाट पाहू नये. मधुमेह असेल तर हिरड्यांचा विकार अधिक वेगाने वाढतो आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही, म्हणून मधुमेह्याने हिरड्यांचे रक्त हे साखर तपासण्याचे निमित्त मानावे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा प्लाकनेही हिरड्या खूप सुजतात, आणि या काळात दात साफ करून घेणे सुरक्षित असते. रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी व फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या दातांवर वाढतात. तेथे गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. घासल्याशिवाय आपोआप रक्त येत असेल आणि अंगावर निळे डाग उठत असतील, तर प्रश्न हिरडीचा नसून रक्ताचा असू शकतो.

सर्वांत अवघड जागा मशेरीची आहे. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आमच्याकडे कित्येक बायका पहाटे चुलीपाशी बसून बोटाने दातांवर फिरवतात, आणि विचारले तर 'मशेरी लावली की हिरड्या घट्ट राहतात, रक्त येत नाही' असे सांगतात. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. रक्त न येण्याचे कारण असे की निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत हे नीट अभ्यासले गेले आहे : हाड आतून झिजत असते, तरी हिरडी लाल होत नाही आणि रक्ताची खूण मिळत नाही, सोडल्यानंतर काही दिवसांनी मात्र रक्त येऊ लागते, कारण रक्तपुरवठा पूर्ववत होत असतो. मशेरीतही मुख्य द्रव्य निकोटिनच. आमच्या शेजारच्या काकींनी सुनेच्या आग्रहाने मशेरी सोडली आणि वीस दिवसांनी ब्रशवर रक्त दिसताच पुन्हा तव्यावर तंबाखू टाकला. आईने त्यांना आपल्या काढ्याची बाटली नेऊन दिली, आणि बरोबर ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या ओपीडीचा वार कोणता, तोही सांगितला.